वाचकांचे प्रश्न : कास्टिंग प्रशिक्षकाची परीक्षा आणि पंचाहत्तर फूट

प्रश्न : नमस्कार काका. मी ग्रँड रॅपिड्सला राहते. रोग (Rogue) नदी घरापासून जवळ असल्यामुळे फ्लाय फिशिंगची, म्हणजे फ्लाय नावाचा किड्यासारखा बनवलेला हलका गळ लाइनच्या (दोरीच्या) वजनाने लांब टाकून मासे पकडण्याची, गोडी लागली. आमच्या क्लबात नव्याने येणाऱ्या बायकांना कास्टिंग, म्हणजे ती लाइन टाकणं, मीच दाखवते, आणि त्यातूनच फ्लाय फिशर्स इंटरनॅशनलची सर्टिफाइड कास्टिंग इन्स्ट्रक्टर ही परीक्षा द्यायचं ठरवलं. उन्हाळा संपता संपता परीक्षा आहे. सध्या माझा सगळा सराव ७५ फुटांच्या कास्टसाठी चाललाय. कधी जमतं, कधी ६८ वर अडकते. त्यात टेलिंग लूप (हवेतल्या लाइनचा वळसा, म्हणजे लूप, स्वतःलाच ओलांडून अडकतो तो दोष) मुद्दाम काढून दाखवायला सांगतात असं कळलं. जो दोष घालवायला इतके उन्हाळे गेले, तो पुन्हा हाताला का लावायचा? लेखी परीक्षेसाठी काय वाचू? आणि नवरा म्हणतो, मासे पकडता येतात ना, मग सर्टिफिकेट कशाला? त्याला काय सांगू?
– एक वाचक, ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

उत्तर : आधी ७५ फुटांचं बघू, कारण तो आकडा डोक्यात बसला की दुसरं काही सुचत नाही.

कागद घेऊन हिशोब मांड. अंतर तुझ्या पायापासून फ्लायपर्यंत धरलं, तर त्यातले साधारण ९ फूट रॉडचे आणि ९ फूट लीडरचे (लाइन आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक धाग्याचे). उरली ५७ फूट लाइन. त्यातली ४५ फूट तुला हवेत नीट सांभाळता आली, तर शेवटच्या कास्टला फक्त १२ फूट सोडायची राहते. ६८ वर अडकणाऱ्यांना ताकद कमी पडते असं मला कधीच दिसलं नाही. ते मागे बघत नाहीत, इतकंच. एवढी लांब लाइन मागे उलगडायला वेळ घेते, आणि ती उलगडण्याआधीच हात नकळत पुढे सरकतो. हाच क्रीप. पुढच्या स्ट्रोकसाठी, म्हणजे हाताच्या पुढच्या फेकीसाठी, राखलेली जागा तिथेच खर्च होते. मग माणूस जोर लावतो, रॉडचं टोक खाली दबतं, लूप स्वतःलाच कापतो आणि सगळं वाया जातं. म्हणून मान वळव आणि प्रत्येक बॅककास्ट (मागे टाकलेली लाइन) डोळ्यांनी बघ. थांबल्यानंतर लाइन मागे जात असताना रॉडलाही थोडं तिच्यामागे जाऊ दे. त्याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि तो तुझी जागा वाढवतो. क्रीप आणि ड्रिफ्ट यांतला फरक परीक्षक हमखास विचारतात. तो तुझ्या खांद्याला ठाऊक असला तर तोंडाला आपोआप येईल.

लाइनही तपासून घे. वेट-फॉरवर्ड लाइनचं (जिचं वजन पुढच्या भागात असतं तिचं) हेड, म्हणजे तो जड पुढचा भाग, आखूड असेल, तर ४५ फूट हवेत धरताना त्यामागची पातळ रनिंग लाइन रॉडच्या टोकाबाहेर येते आणि लूप डगमगतो. ४० फुटांहून लांब हेडची लाइन या कामाला बरी. आणि ती स्वच्छ ठेव. मी मिशिगनमधल्याच मिडलँडला राहतो, नोकरी सगळी पॉलिमरमध्ये गेली, त्यामुळे या विषयावर माझं जरा जास्तच प्रेम आहे. याच गावात १९४५ मध्ये सायंटिफिक अँगलर्स ही कंपनी सुरू झाली, आणि फ्लाय लाइन विणलेल्या रेशमाकडून प्लॅस्टिकच्या आवरणाकडे आली त्यात तिचा फार मोठा वाटा आहे. आजच्या बहुतेक लाइन म्हणजे मधे एक गाभा आणि त्यावर पीव्हीसीचा लेप. गवतातली माती त्या लेपाला चिकटते, रॉडच्या कड्यांत घासते, आणि शेवटचे सहा-सात फूट सुटता सुटत नाहीत. कोमट पाण्यात सौम्य साबण, मऊ फडकं, मग हाताने हळू ताणून तिची वेटोळी काढणं, एवढं पुरतं. डांबरी पार्किंगमध्ये सराव करू नकोस, लेप खरवडून निघतो.

आता तुझ्या पत्रातला खरा प्रश्न. दोष मुद्दाम का काढून दाखवायचा?

कारण ही परीक्षा कास्ट करणाऱ्याची नाही, शिकवणाऱ्याची आहे. तुझ्यासमोर उभी असलेली नवशिकी बाई टेलिंग लूपच काढणार आहे. लीडरला गाठी पडतील आणि ती म्हणेल, वाऱ्याने पडल्या. त्यांना सगळेच ‘विंड नॉट’ म्हणतात, पण बहुतेक वेळा वाऱ्याचा त्यात काही संबंध नसतो. रॉडचं टोक सरळ रेषेत जायच्या ऐवजी मधेच खाली दबून पुन्हा वर येतं, त्यामुळे लाइनचा वरचा पाय खालच्या पायाला ओलांडतो आणि फ्लाय लाइनला अडकते. हे तुला तिच्या लाइनमध्ये दिसायला हवं, दिसल्यावर त्याचं कारण तिच्या हातात सापडायला हवं, आणि तोच दोष तू स्वतः दाखवून मग दुरुस्त करून दाखवलास तरच तिला पटेल. ज्याला दोष हुकमी काढता येत नाही त्याला तो का होतो हे नुसतं पाठ असतं.

सरावासाठी ४० फूट लाइन घे आणि टेलिंग लूप तीन वेगवेगळ्या वाटांनी काढ. पहिली वाट: स्ट्रोकच्या सुरुवातीलाच एकदम झटका दे. दुसरी: लाइन तेवढीच ठेवून रॉडचा कोन मुद्दाम लहान कर. तिसरी: थांबलेल्या वेळात क्रीप कर आणि मग टाक. तिन्हीचा निकाल लांबून एकच दिसतो, इलाज मात्र तीन. परीक्षकासमोर ‘हा झटक्याने आला, हा कोन कमी पडल्याने’ असं सांगून काढलास, तर तो पुढचे प्रश्न बराच मऊपणे विचारेल, असा माझा अनुभव आहे.

तसंच रुंद लूपचं. कोन मोठा केला की टोक घुमटासारखं फिरतं आणि लूप रुंद होतो. अरुंद, रुंद, पुन्हा अरुंद, लाइनची लांबी न बदलता, सांगतील तेव्हा. माझ्या मते या परीक्षेचा कणा हाच आहे आणि अंतर त्यामानाने फार सोपं. तू सरावाचा जेवढा वेळ ७५ फुटांना देतेस तो उलटा कर. बहुतेक वेळ ३० ते ४५ फुटांत घालव.

लेखी आणि तोंडी भागासाठी बिल आणि जेय गॅमेल या बापलेकांनी मांडलेली पाच तत्त्वं आधी घट्ट कर. लाइनमध्ये ढील कमीत कमी हवी. लाइन जितकी लांब तितका थांबा मोठा. लाइन जितकी लांब तितका कास्टचा कोन मोठा. ताकद योग्य प्रमाणात आणि स्ट्रोकमध्ये योग्य जागी लागली पाहिजे. आणि टोक सरळ रेषेत गेलं पाहिजे. पाठ करायला संध्याकाळ पुरेल, पण परीक्षक ‘का’ विचारतात. कोन का वाढवायचा? लाइन लांब झाली की तिचं वजन वाढतं, रॉड जास्त वाकतो, वाकलेला रॉड आखूड होतो, आणि मग तेवढ्याच कोनात टोक खाली दबतं. त्याला पुन्हा सरळ रेषेत आणायचं तर कोन वाढवावाच लागतो. हे एक वाक्य तुझ्या तोंडून न अडखळता आलं तर निम्मी तत्त्वं एकमेकांना जोडली जातात. इथे ‘आर्क’ आणि ‘स्ट्रोक’ यांची गल्लत करू नकोस. रॉड जो कोन फिरतो तो आर्क. हात जेवढं अंतर सरकतो तो स्ट्रोक. हात न हलवता नुसत्या मनगटाने मोठा आर्क करता येतो, आणि हात भरपूर सरकवूनही आर्क छोटा ठेवता येतो. दोन्ही करून दाखवायची तयारी ठेव.

साहित्यावरचे प्रश्न सोपे असतात, पण आकडे माहीत हवेत. लाइनचा नंबर म्हणजे तिच्या पहिल्या ३० फुटांचं वजन. पाच नंबरची १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमहून किंचित जास्त. आठ नंबरची २१० ग्रेन. परीक्षेची कामं आणि नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा जुन्या मैत्रिणीने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नकोस. संस्थेकडून चालू वर्षाचाच कागद घे आणि त्यातल्या प्रत्येक कामापुढे स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिही: हे नदीवर कशाला लागतं, आणि नवशिक्याला कसं सांगशील. रीच मेंड घे. तू म्हणशील, लाइन प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकते. पण कशाला? मधल्या वेगवान धारेने लाइनला पोट पडू नये आणि फ्लाय पाण्याच्या वेगानेच वाहत राहावी म्हणून. लूप सुटल्यानंतर आणि लाइन पाण्याला टेकण्याआधी रॉड बाजूला न्यायचा, हे ‘कधी’ तर सांगितलंच पाहिजे.

आता शिकवण्याचं. सायंटिफिक अँगलर्समध्ये पूर्वी लाइन डिझाइन करणारे ब्रूस रिचर्ड्स यांनी दोष ओळखायची एक सहा पायऱ्यांची पद्धत दिली आहे आणि मला तिच्याहून चांगली माहीत नाही. बघताना आधी लाइन बघायची, मग रॉड, मग शरीर. सांगताना उलट यायचं: शरीराने काय बदलायचं, त्याने रॉडचं काय होईल, त्याने लाइनचं काय होईल. नवे शिक्षक विद्यार्थ्याच्या मनगटाकडेच टक लावून बघतात आणि लूप हवेतून निघून जातो. तू क्लबात शिकवतेस तेव्हा पहिले काही कास्ट हाताकडे बघूच नकोस. बाजूला, रॉडच्या हातापासून जरा लांब उभी राहा, मागे गर्द झाडं येतील अशी, आणि फक्त लूपचा आकार मोठ्याने सांग.

एका वेळी एकच सुधारणा सांग. ‘कोपर खाली, मनगट घट्ट, मागे बघ, आणि थोडं हळू’ असं एका दमात सांगितलं की समोरची बाई चारही गोष्टी विसरते. थांबा शिकवताना मी लोकांना ओल्या हाताचं पाणी झटकायला लावतो. हात सावकाश वेग घेतो आणि एका जागी थबकतो, पाणी तिथून पुढे उडतं. तो थबका अंगात आला की मग रॉड हातात देतो. तुझं उदाहरण तुझं असू दे, पण एक असू दे आणि ते हातांनी करता येईल असं असू दे. विद्यार्थ्याचा हात धरायचा असेल तर आधी विचार. परीक्षकही हे बघतात, आणि त्यांनी नाही बघितलं तरी विचारायचंच.

डबल हॉल, म्हणजे पुढे-मागे दोन्ही कास्टला मोकळ्या हाताने लाइन ओढून वेग वाढवणं, शिकवायला सांगतील. रॉडशिवाय सुरू कर, दोन्ही हात नुसते हवेत. मग लाइन गवतावर पडू देत एका बाजूचा हॉल, मग दुसऱ्या बाजूचा, मग दोन्ही जोडून. लोकांचं चुकतं ते ओढण्यात फार नाही, परत देण्यात. ओढलेला हात लाइन उलगडताना रॉडकडे परत गेला नाही की पुढच्या हॉलला जागा नाही. फार घाईने गेला की ढील. हे कुणा डावखुऱ्या विद्यार्थ्याला एकदा शिकवून बघ. समोरासमोर उभं राहून आरशासारखं दाखवताना तुझ्या शब्दांतला गोंधळ लगेच कळतो.

रोल कास्टचा (लाइन मागे न टाकता पाण्यावरूनच पुढे उलगडण्याचा) सराव गवतावर होत नाही, लाइनला पकडायला काही नसतं. रीड्स लेकच्या काठावर जा. ते जमत नसेल तर समोर जमिनीवर क्लिपबोर्ड ठेवून त्याच्या चिमट्यात लीडर अडकव, काम भागतं. बाकीचा सराव रोज थोडा थोडा कर. रविवारी तीन तास टाकलास तर शेवटचा तास तू दमलेल्या हाताला वाईट सवयी शिकवशील. आठवड्यातून एकदा मुद्दाम वाऱ्यात जा, कारण परीक्षेच्या दिवशी वारा असणारच. समोरून असेल तर बॅककास्ट उंच आणि फॉरवर्ड कास्ट खाली, पाण्याजवळ उलगडेल असा. रॉडच्या हाताच्या खांद्यावर येत असेल तर रॉड तिरका करून लाइन दुसऱ्या खांद्यावरून ने. चष्मा आणि टोपी सरावातही घाल, आणि टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुरा बांध. शिकवण्याच्या भागात चष्म्याबद्दल बोलायची वाट बघू नकोस. विद्यार्थी रॉडला हात लावायच्या आधी ते सांग.

नवऱ्याला सांग, मासे पकडता येतात हे खरं, आणि त्यासाठी हा कागद लागतच नाही. मिशिगनमधल्या ऑ सेबल नदीच्या बर्टन्स लँडिंग ते वेकली ब्रिज या पट्ट्यात फक्त फ्लायने मासेमारी चालते आणि पकडलेला मासा परत सोडावा लागतो. तिथे उत्तम ट्राउट पकडणारी पण दुसऱ्याला कास्ट समजावून न सांगता येणारी माणसं मी बघितली आहेत. ती वाईट मच्छीमार नाहीत. पण त्यांच्याकडून शिकणारा त्यांची नक्कल करतो आणि त्यांचे दोषही घेतो. हीच अडचण ओळखून १९९२ मध्ये या संस्थेने प्रमाणपत्राचा कार्यक्रम सुरू केला. तो उभा करण्यात मेल क्रीगर यांच्यासारख्या नावाजलेल्या शिक्षकांचा मोठा हात होता. कास्टिंगची भाषा एक झाली, त्यामुळे मिशिगनमधली शिक्षिका आणि जपानमधला शिक्षक एकच दोष एकाच नावाने ओळखतात. तुझ्या क्लबातल्या बायकांना याचा उपयोग आहे, आणि तुला तर आहेच. शक्य असेल तर परीक्षेआधी संस्थेच्या एखाद्या मास्टर प्रशिक्षकासमोर पूर्ण परीक्षा एकदा देऊन बघ, तोंडी भागासकट. नवऱ्यालाही विद्यार्थी म्हणून उभा कर. त्याला कास्टिंग येत नसेल तर फारच छान.

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून आठ नंबरचा रॉड आणून दिला आहे. पुण्यात नदीकाठी उभं राहण्यासारखी जागा नाही, म्हणून सकाळी मैदानावर सराव करतो. यात काही अर्थ आहे का? आणि आपल्याकडच्या महसीरला फ्लाय चालते का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : अर्थ आहे, भरपूर आहे. जगातले बहुतेक चांगले कास्टर गवतावरच तयार झाले आहेत. फक्त मैदानावर सिमेंट किंवा खडी असेल तर लाइन तिथे टाकू नका, आणि उन्हाळ्यात ती गाडीत ठेवू नका. पाठीमागे मुलं, कुत्री आणि सकाळी चालायला येणारी मंडळी असतात. मागे बघून मगच रॉड उचला. टोकाला लोकरीचा तुरा, गळ कधीच नाही. बघे जमले तर त्यांच्या हातात रॉड द्या. समजावून सांगताना तुमचाच कास्ट सुधारेल.

महसीर फ्लायवर येतो, आणि तुमच्या गावाचं त्याच्याशी जुनं नातं आहे. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज ती नदी बघवत नाही. हा मासा टिकवायला लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटा पॉवरच्या बीजकेंद्रात अनेक दशकं त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडली जात आहेत, आणि मला या कामाबद्दल फार आदर आहे. तेव्हा जिथे परवानगी असेल तिथेच जा, गळाची उलटी नांगी पक्कडीने दाबून टाका, मासा पाण्याबाहेर धरून फोटो काढत बसू नका. महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या ठिकाणी मासे देवाचे म्हणून राखलेले आहेत. तिथे रॉड गाडीतच राहू दे. आठ नंबर महसीरला योग्यच आहे. मोठी, जड फ्लाय टाकायला लूप थोडा रुंद ठेवा, अरुंद लूपचा हट्ट धरू नका.

प्रश्न : वय ६६. मुलीबरोबर शिकायला लागले, पण तासाभराने खांदा आणि कोपर दुखतं. सोडून देऊ का?
– एक वाचक, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : मुळीच नाही, पण आधी दुखणं डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हो म्हटलं तर आठ-नऊ नंबरचा जड रॉड बाजूला ठेवून चार नंबरचा घ्या. मूठ सैल ठेवा, फक्त थांबण्याच्या क्षणी आवळा आणि लगेच सोडा. कोपर खांद्याच्या उंचीला जात असेल तर खाली आणा. लाइन ३० फुटांच्या वर नेऊ नका. ऑ सेबलवर बहुतेक मासे त्याच्या आतच सापडतात. दहा मिनिटं टाका, दहा मिनिटं मुलीचा लूप बघा, आणि तिला काय दिसलं ते सांगा.